वाचकांचे प्रश्न : आमचे डोके, आमची मर्जी?

या वेळच्या टपालात दुचाकीस्वारांच्या हेल्मेटविषयी इतकी पत्रे आली, की संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे लागले. पत्रे लांब होती. आशयाला धक्का न लावता ती संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी 71 वर्षांचा निवृत्त शिक्षक असून पुण्यात पेठेत राहतो. उभी हयात मी स्कूटरवर काढली आहे. माझी रोजची धाव मंडई, बँक आणि ग्रंथालय यांच्यापलीकडे नाही आणि इथल्या गर्दीत गाडीचा काटा पंचविशीच्या वर सरकतच नाही. हेल्मेट न घातल्याने मी दुसऱ्या कोणालाही इजा पोचवत नाही. मग माझ्या डोक्याचे काय करायचे, हे मी ठरवावे की सरकारने? सिगारेट ओढणाराही स्वतःचेच नुकसान करून घेतो. त्याची पावती फाडली जात नाही, मग माझीच का? आणि ही सक्ती मुळात कोणाच्या डोक्यातून निघाली?

उत्तर : आपल्या पत्रात वेगाचा मुद्दा आणि अधिकाराचा मुद्दा एकमेकांत गुंतले आहेत. ते सोडवून पाहू.

आधी वेग. स्कूटरवर बसलेल्या माणसाचे डोके रस्त्यापासून साधारण दीड मीटर उंचीवर असते. एवढ्या उंचीवरून काहीही खाली पडले, तर जमिनीवर आदळताना त्याचा वेग ताशी 19 ते 20 किलोमीटर होतो, आणि हा हिशेब करताना गाडीचा वेग शून्य धरलेला असतो. म्हणजे सिग्नलला उभ्या असलेल्या आपल्या स्कूटरला मागून रिक्षाचा धक्का लागला आणि आपण कुशीवर कलंडलात, तरी कवटी डांबरावर याच वेगाने आपटू शकते. गाडी हळू चालवण्याने बाकीचे अनेक धोके निश्चितच कमी होतात. परंतु ही उंची कमी होत नाही. तेव्हा ‘पेठेत वेग कुठे असतो’ हा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटला, तरी तो डोक्याच्या पडण्याला लागू पडत नाही. घराजवळच्या फेरीत गाय, खड्डा, वाळू, उघडणारे मोटारीचे दार आणि गल्लीतून अचानक येणारी सायकल हे सगळे असतेच, आणि ओळखीच्या रस्त्यावर आपले लक्षही थोडे सैल सुटलेले असते.

हेल्मेट इथे नेमके काय करते, हेही पाहू. बाहेरचे कठीण कवच अणकुचीदार वस्तू आत घुसू देत नाही आणि आघात एका बिंदूवर न ठेवता पसरवते. मुख्य काम मात्र आतल्या थर्माकोलच्या जाड थराचे असते. उघडी कवटी रस्त्यावर आदळते, तेव्हा ती काही मिलिमीटरांतच थांबते, आणि आतला मेंदू मात्र पुढे जाऊन हाडावर आपटतो. थर्माकोल चिरडला जाताना डोक्याला थांबायला तेवढे जास्त अंतर मिळते. थांबण्याचे अंतर चौपट झाले, तर सरासरी धक्का चौथाईवर येतो. हे शाळेतल्या पदार्थविज्ञानापेक्षा अवघड नाही.

आता अधिकार. हा प्रश्न पुण्यात नव्याने निघालेला नाही. आंध्र प्रदेशातील हेल्मेटविषयक नियमामुळे संचारस्वातंत्र्याचा, म्हणजे घटनेच्या कलम 19(1)(ड) चा, भंग होतो असा दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता आणि 1988 मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. हेल्मेट घातल्याने कोणाचे फिरणे थांबत नाही, उलट फिरणाऱ्याचा जीव सुरक्षित राहतो, अशी ती भूमिका होती. हेल्मेटची सक्ती करणारे मोटार वाहन कायद्याचे कलम 129 हेसुद्धा ‘सार्वजनिक ठिकाणी’ एवढेच म्हणते. आपल्या वाड्याच्या अंगणात आपण बोडक्याने स्कूटर फिरवलीत, तर ते कलम आपल्याला काही विचारणार नाही. सिगारेटची तुलनाही तिथेच अडखळते, कारण सार्वजनिक ठिकाणच्या धूम्रपानाला 2008 पासून देशभर दंड आहेच. अर्थात तो दंड मुख्यतः शेजारच्या माणसाच्या फुप्फुसांसाठी आहे आणि हेल्मेटचा दंड स्वतःच्या डोक्यासाठी, एवढा फरक मी मान्य करतो, आणि तत्त्वज्ञानाच्या पातळीवर आपला मुद्दा तिथे शिल्लक उरतो, हेही मान्य करतो.

परंतु ‘दुसऱ्या कोणालाही इजा होत नाही’ हे वाक्य मला पटत नाही. डोक्याला जबर मार लागलेला प्रत्येक जण मरत नाही. अनेक जण जगतात, आणि पुढची कित्येक वर्षे त्यांना कोणीतरी भरवावे लागते, उठवावे लागते, नावे आठवून द्यावी लागतात. हे काम करणाऱ्या पत्नीने, मुलाने किंवा सुनेने त्या सकाळच्या मर्जीवर सही केलेली नसते. ज्या वाहनाला आपण धडकलात त्याच्या चालकाची थोडीशी चूक असली, तर मरण ओढवल्याचा गुन्हाही त्याच्यावर दाखल होतो. हेल्मेट असते तर कदाचित ते प्रकरण खरचटण्यावर निभावले असते.

सक्तीच्या पद्धतीविषयी मात्र मी आपल्या बाजूचा आहे. 1 जानेवारी 2019 पासून पुण्यात कारवाई कडक झाली, हेल्मेटसक्तीविरोधी कृती समिती उभी राहिली, मोर्चे निघाले आणि जूनमध्ये शहरातील आमदारांनी मुख्यमंत्र्यांची भेट घेतल्यावर चौकाचौकांत अडवणे थांबले. कॅमेऱ्यातून दंडाची चलने मात्र येत राहिली. या सगळ्यात हेल्मेट हा डोक्याचा विषय न राहता अस्मितेचा झाला. झाडाआड उभे राहून पावती फाडली, की माणूस पुढच्या वेळी हेल्मेट घालत नाही, पुढच्या वेळी रस्ता बदलतो. रस्त्यातले खड्डे, उखडलेली गटाराची झाकणे आणि निसरडे पट्टे यांची पावती कोणाच्या नावाने फाडायची, हा पुणेकरांचा प्रश्नही रास्त आहे. फक्त खड्डा बुजेपर्यंत डोके उघडे ठेवणे, हा त्या प्रश्नाचा पाठपुरावा नव्हे.

ही कल्पना कोणाच्या डोक्यातून निघाली, हे आपण उपरोधाने विचारले असले, तरी त्याचे खरे उत्तर देता येते. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून प्रसिद्ध असलेले ब्रिटिश लष्करी अधिकारी टी. ई. लॉरेन्स मे 1935 मध्ये इंग्लंडमध्ये मोटारसायकलवरून पडले आणि काही दिवसांनी डोक्याच्या दुखापतीने वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात निरोप्यांचे काम करणारे सैनिक मोटारसायकलवरून पडून दगावत होते, त्यांचा केर्न्स यांनी अभ्यास केला आणि 1941 मध्ये हेल्मेटच्या उपयोगाविषयी शोधनिबंध लिहिला. सर्वसामान्य स्वारांवरील पहिली सक्ती बरीच नंतर, 1961 मध्ये, ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात आली.

प्रश्न : दर वर्षी इतके हजार लोक हेल्मेट नसल्यामुळे मरण पावले, अशा बातम्या येतात. हे आकडे फुगवलेले नसतात का?

उत्तर : आकडा फुगवलेला नसतो, त्याचा अर्थ फुगवला जातो. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या 2022 सालच्या अहवालानुसार देशात रस्ते अपघातांत 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी 50,029 जण हेल्मेट न घातलेले दुचाकीवरचे होते. त्यांत 35,692 चालक आणि 14,337 मागे बसलेले. हे सगळे हेल्मेटमुळे वाचले असते, असे अहवालातून सिद्ध होत नाही. ट्रकच्या चाकाखाली छाती चिरडली गेली, तर हेल्मेट काय करणार? उपयोगाचा अंदाज घ्यायचा, तर निरनिराळ्या देशांतील अभ्यास एकत्र तपासून कोक्रेन या वैद्यकीय संशोधन संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्याचा निष्कर्ष अधिक भरवशाचा आहे : अपघात झालेल्या स्वारांत हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो. शंभर टक्के नव्हे. मला विचाराल, तर बातमीतल्या ठळक मथळ्यापेक्षा हा अपुरा आकडाच अधिक पटवणारा आहे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त रोज कोथरूडहून हिंजवडीला स्कूटरने जाते. उन्हासाठी स्कार्फ, त्यावर गॉगल आणि वर हेल्मेट असा जामानिमा केल्यावर मान अवघडते आणि केस घामाने चिकट होतात. हेल्मेटमुळे केस गळतात आणि मणक्याचा त्रास वाढतो, असे मैत्रिणी सांगतात. डॉक्टरांचे प्रमाणपत्र दिले, तर सवलत मिळते का? शिवाय कानावर आवरण आल्याने मागचा हॉर्न ऐकू येत नाही, ही भीती वेगळीच.

उत्तर : सवलतीचे आधी सांगतो, कारण ते थोडक्यात संपते. कलम 129 च्या मजकुरात वैद्यकीय प्रमाणपत्राची सवलत नाही. सवलत आहे ती पगडी बांधलेल्या शीख व्यक्तीला. पुणेरी पगडी त्यात बसत नाही, हे निदर्शनांच्या काळात पगड्या घालून निघालेल्या मंडळींनाही माहीत असावे.

मानेविषयीचा समज जुना आहे. हेल्मेटच्या वजनामुळे अपघातात मान मोडते, असा दावा 1980 च्या दशकात अमेरिकेत संख्याशास्त्राच्या आधारे केला गेला होता आणि तो विरोधकांनी बरीच वर्षे वापरला. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी 40 हजारांहून अधिक मोटारसायकल अपघातांच्या नोंदी तपासून 2011 मध्ये जो निष्कर्ष मांडला तो उलटा होता : हेल्मेट घातलेल्यांत मानेच्या मणक्याची दुखापत 22 टक्क्यांनी कमी आढळली. रोजच्या अवघडण्याचे कारण बहुधा निराळे असते. हेल्मेट गरजेपेक्षा मोठे आणि जड असणे, ते सैल असल्याने वाऱ्यात डगमगणे आणि ते सावरण्यासाठी मान ताठ धरणे, यांमुळे खांदे आवळले जातात. मापाचे आणि हलके हेल्मेट घेऊन काही आठवडे पाहा. आधीपासून मणक्याचा आजार असेल, तर मात्र डॉक्टरांना हेल्मेट टाळण्याविषयी न विचारता, अशा मानेने रोज इतका वेळ दुचाकी चालवावी का, हे विचारा. अधिक मोलाचा प्रश्न तो आहे.

केसांची मुळे हेल्मेटमुळे मरत नाहीत. आतले अस्तर महिनोन्‌महिने न धुतल्याने घाम, तेल आणि धूळ साचते, त्यातून कोंडा आणि बुरशीचा त्रास होतो आणि ओढाताणीने केस तुटतात. अस्तर निघणारे असेल असेच हेल्मेट घ्या आणि ते आठवड्याला साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवा. आत पातळ सुती स्कार्फ किंवा टोपी चालेल. जाड स्कार्फच्या चार घड्या घालून वर हेल्मेट बसवले, तर ते डोक्यावर बसलेले नसते, स्कार्फवर बसलेले असते, आणि धक्क्याबरोबर निघून येते. अंबाड्याचेही तसेच. टाळूवरच्या अंबाड्यामुळे हेल्मेट वर उचलले जाऊन कपाळ उघडे पडते. त्याऐवजी मानेपाशी सैल वेणी घाला. स्कार्फची आणि ओढणीची मोकळी टोके मागच्या चाकात जाणार नाहीत, याची काळजी मात्र हेल्मेटइतकीच घ्यावी.

ऐकू येण्याविषयी : हेल्मेटमुळे आवाज दबतो, तसा वाऱ्याचा घोंघाटही दबतो, त्यामुळे हॉर्न आणि बाकीचा गोंगाट यांच्यातले प्रमाण फारसे बदलत नाही. लॉस एंजेलिस परिसरातील 900 अपघातांची जागेवर जाऊन तपासणी करणाऱ्या हॅरी हर्ट यांच्या 1981 च्या अहवालात, हेल्मेटमुळे महत्त्वाचा आवाज ऐकू न आल्याने अपघात झाला, असे एकही प्रकरण आढळले नव्हते. हेल्मेटच्या आत इयरफोन घालून गाणी ऐकणाऱ्यांना हे उत्तर लागू नाही.

प्रश्न : यजमान गाडी चालवतात, पुढे साडेतीन वर्षांचा मुलगा उभा असतो आणि मी डबलसीट बसते. घरात हेल्मेट एकच आहे, ते अर्थातच चालवणाऱ्याला. हे चालते ना?

उत्तर : नाही. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर चार वर्षांवरील प्रत्येकाला, मग तो चालवणारा असो वा मागे बसलेला, हेल्मेट बंधनकारक आहे. कलम 194-ड मध्ये 1000 रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात तडजोड शुल्क, म्हणजे खटला न करता प्रकरण मिटवण्याचा दंड, 2022 मध्ये 500 रुपये होते. मुंबईत जून 2022 पासून मागे बसणाऱ्यांवरही कारवाई सुरू झाली, तेव्हा अनेकांना हा नियम नवा वाटला. तो नवा नव्हता.

मुलाचे अधिक गंभीर आहे. चार वर्षांखालील मुलांसाठीचे नियम फेब्रुवारी 2022 मध्ये अधिसूचित झाले आणि वर्षभराने लागू झाले. त्यांनुसार मुलाला चालकाशी जोडणारा सुरक्षापट्टा हवा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला डोक्याला बसणारे हेल्मेट हवे (या वयात सायकलचे प्रमाणित हेल्मेट चालते) आणि गाडीचा वेग ताशी 40 किलोमीटरच्या आत हवा. पुढे फळीवर उभे केलेले मूल ब्रेक लागताच हँडलवर आणि आरशावर आपटते, आणि मागून वडिलांच्या शरीराचा भार त्याच्यावर येतो. घरातल्या एकाच हेल्मेटची वाटणी करताना आपण ‘अर्थातच’ हा शब्द सहज वापरला आहे. ज्याच्या हातात हँडल आहे, त्याला निदान समोरचा खड्डा दिसतो. मागे एका बाजूला बसलेल्या आणि हातात पिशव्या घेतलेल्या बाईला तोही दिसत नाही. दोन्ही हेल्मेटे आणि पट्टा यांचा खर्च करणे आज शक्य नसेल, तर तोवर तिघांनी बसने किंवा रिक्षाने जावे, असेच मी सांगेन.

प्रश्न : रस्त्याकडेला दोनशे रुपयांना हेल्मेट मिळते आणि दुकानात बाराशेला. दोन्हींवर आयएसआयची खूण असते. फरक काय? घ्यायचे कसे?

उत्तर : 1 जून 2021 पासून आयएसआय चिन्ह नसलेले दुचाकीचे हेल्मेट बनवणे आणि विकणे बेकायदा आहे. चिन्ह छापणे मात्र कोणालाही जमते. खऱ्या चिन्हावर मानकाचा क्रमांक, म्हणजे आयएस 4151, वरच्या बाजूला असतो आणि खाली उत्पादकाचा परवाना क्रमांक असतो. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या मोबाइल अ‍ॅपवर टाकून पाहता येतो. दोनशेच्या हेल्मेटात बोट घालून अस्तर बाजूला करा. आत थर्माकोलच नसेल किंवा पुठ्ठ्याइतका पातळ असेल, तर ती पोलिसांसाठीची टोपी आहे, डोक्यासाठीची नव्हे. क्रिकेटचे किंवा बांधकामावरचे हेल्मेटही या कामाचे नाही. नवी दुचाकी घेताना उत्पादकाने प्रमाणित हेल्मेट द्यावे, असा केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम 138 सांगतो. शोरूममध्ये ते मागून घ्यावे लागते, एवढेच.

निवडीला खरा वाव इथे आहे, आणि लोक नेमके इथेच घाई करतात. भुवयांच्या थोडे वर टेप गुंडाळून डोक्याचा घेर मोजा आणि त्या मापाचे हेल्मेट दुकानात दहा मिनिटे डोक्यावर ठेवून बसा. गाल किंचित दाबले गेले पाहिजेत, कपाळावर एका जागी टोचता कामा नये. पट्टा लावून मागची कड धरून हेल्मेट पुढच्या बाजूला उचलून पाहा. ते डोक्यावरून निघून आले, तर ते कितीही महाग असो, परत ठेवा. पूर्ण तोंड झाकणारे घ्यावे की अर्धे उघडे, हे माझ्या मते आपल्या प्रवासावर सोडता येते : महामार्गावर रोज जाणाऱ्याने हनुवटी झाकणारेच घ्यावे, कारण जबडा आणि दात यांना उघड्या हेल्मेटात काहीच आडोसा नसतो; गावातल्या गावात, उकाड्यात, पूर्ण झाकलेले हेल्मेट डिक्कीत पडून राहणार असेल, तर डोक्यावर राहणारे उघडे हेल्मेट बरे. आणि पट्टा न लावता मिरवलेले हेल्मेट पहिल्या धक्क्यालाच आपल्याआधी रस्त्यावर पोचते.

प्रश्न : हेल्मेट नसल्यास अपघातानंतर विम्याची भरपाई मिळत नाही, हे खरे का?

उत्तर : सरसकट खरे नाही. समोरच्या वाहनाच्या चुकीने अपघात झाला असेल, तर हेल्मेट नव्हते एवढ्या कारणाने तृतीय पक्ष विम्याचा दावा आपोआप बाद होत नाही. एका दुचाकीवर तिघे बसल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले, की नियमभंग झाला म्हणून तेवढ्यावरून सहदोष, म्हणजे अपघातात जखमीचाही वाटा, धरता येत नाही. त्या नियमभंगाचा अपघाताशी किंवा दुखापतीशी संबंध दाखवावा लागतो. पण ही गोष्ट हेल्मेटच्या बाबतीत दावेदाराला अडचणीची ठरू शकते, कारण दुखापत डोक्याची असेल, तर तो संबंध जोडणे विमा कंपनीच्या वकिलाला सोपे जाते, आणि भरपाईत कपात झाल्याची उदाहरणे आहेत. स्वतःच्या अपघात विम्याच्या अटी निराळ्या असतात. त्या पॉलिसीत वाचूनच पाहाव्यात.

प्रश्न : माझे हेल्मेट एकदा आरशावरून फरशीवर पडले. टाकून द्यावे का? जुने हेल्मेट गावाकडच्या भावाला दिले, तर चालेल का?

उत्तर : रिकामे हेल्मेट कमरेएवढ्या उंचीवरून एकदा पडले, कवचाला तडा नाही आणि आतला थर दबलेला नाही, तर घाबरण्याचे कारण नाही, तरी आरशावर ते टांगू नये, कारण आरशाच्या टोकाने आतल्या थराला खळगे पडतात. डोके आत असताना ते रस्त्यावर आपटले असेल, तर मात्र बाहेरून कितीही चकचकीत दिसले, तरी ते बाद समजावे. थर्माकोल एकदाच चिरडला जातो आणि पुन्हा फुगत नाही. अपघात झाला नसला, तरी ऊन, घाम आणि पेट्रोलची वाफ यांनी माल जुना होत जातो, म्हणून पाच वर्षांच्या आसपास नवे घ्यावे. तारीख बहुधा आतल्या चिठ्ठीवर छापलेली असते. पेट्रोलने किंवा थिनरने कवच पुसू नये. भावाला देण्याइतके ते चांगले असेल, तर ते आपणच वापरावे, आणि नसेल, तर त्याला नवे घेऊन द्यावे. बाद हेल्मेट भंगारात टाकताना त्याचा पट्टा कात्रीने कापून टाका, म्हणजे ते पुसून पुन्हा रस्त्याकडेला विकायला येणार नाही.